सुगीतलं रॉकेट

माघ सरायला लागला की कापलेल्या ज्वारीच्या धाटांचा गोडसर, जरासा आंबूस वास सुटतो. परभणीहून झरीच्या रस्त्याला आता सोयाबीन आणि हरभराच जास्त दिसतो, तरी मधूनच एखाद्या वावरात पेंढ्या आडव्या पडलेल्या असतात आणि गाडीच्या खिडकीतून तो वास आत येतोच. मुलगा गाडी चालवता चालवता म्हणतो, "आई, बघ, तुझ्या लहानपणचा वास." मी त्याला काच वर करायला सांगते. त्याला वाटतं, मला धुळीचा त्रास होतो.

सुगी म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, दही-चटणी आठवते. मला रॉकेट आठवतं. हसायचं असेल तर खुशाल हसा. निजामाचं राज्य जाऊन आम्ही मुंबई राज्यात आलो होतो, रशियानं आभाळात गोळा सोडल्याची बातमी पारावर शिळी झाली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी सातवीच्या पुढं शिकले नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी उगाच आशेनं वाचायला नको.

झरीची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर परभणी. आमच्या भालेराव मास्तरांची थोरली बहीण परभणीला राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं कळवलं होतं, पोरगी माझ्याकडं राहील, मला चार कामांत हात देईल आणि हायस्कूलला जाईल. सगळं ठरलं होतं, माझ्या वडलांचा होकार तेवढा बाकी होता. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. आबांनी त्यांना चहा पाजला, खुशाली विचारली, त्यांच्यासमोर माझी तारीफसुद्धा केली आणि शेवटी दोन्ही वेळेला तेच म्हणाले, "बघू की मास्तर. आदी रास तर घरी येऊ द्या."

आबांच्या 'बघू'चा अर्थ एखाद्या वेळेस त्यांच्या बैलांना कळत असेल, मायला कधी कळला नाही. आबा वाईट नव्हते. त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दूत झालेलं, सही उर्दूत, शाळेला ते शेवटपर्यंत मदरसाच म्हणायचे. मी मोठ्यानं वाचायला लागले की बिडी विझेपर्यंत ऐकत बसायचे. म्हणून तर मला वाटायचं, हा माणूस नाही म्हणणार नाही.

मास्तरांचा मावसभाऊ मुंबईला गोदीत होता. परदेशी बोटीवरच्या कुण्या खलाशाकडून त्याला एक खोकं मिळालं होतं. त्याच्या घरी त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून ते दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्तरांबरोबर झरीला आलं. खोक्यावर एका गोऱ्या पोराचं चित्र, तोंड आभाळाकडं. आत जाड कागदाची नळी, लाकडाचं टोक, शेपटीला लावायचे तीन पातळ पंख आणि प्लास्टिकची घडी घातलेली छत्री. रॉकेट वर गेलं की छत्री उघडायची आणि ते हळूहळू खाली यायचं. दारू तेवढी खोक्यात नव्हती. तीन पंखांपैकी एक मोडलेला होता, आणि डिंकाची नळी वाळून खडा झाली होती.

ते खोकं मास्तरांनी पोरांना न देता मला दिलं, त्याला कारण भेंड. ज्वारीचं वाळलं धाट सोललं की आतून पांढरं, मऊ भेंड निघतं. आमच्याकडची सगळी पोरं त्याच्या बैलगाड्या करतात, चष्मे करतात. धाटाच्या सालीची टोकदार पातळ काडी खिळ्यासारखी वापरायची. माझ्या गाडीची चाकं फिरायची. मास्तरांनी ती गाडी टेबलावर ठेवून घेतली होती. मोडका पंख हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कौसा, हे लाकूड तुझ्या भेंडापेक्षा जड आहे का गं?" मी दोन्ही तोलून बघितलं. सारखंच वाटलं. तिसरा पंख मी भेंडाचा केला.

सुगीत घरात कुणी नसतं, सगळं घर खळ्यावर. तिथल्या सपरीत, कडब्यानं शाकारलेल्या आडोशाला, मी रॉकेट जोडलं. बाहेर बैल तिवड्याभोवती, खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फिरायचे, त्यांच्या खुरांखाली कणसं कुरकुरायची, आणि मी बाभळीचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून पंख चिकटवायची. पंख तिरपा बसला की सोडवायचा, पुन्हा चिकटवायचा. मास्तर संध्याकाळी सायकलवरून यायचे, डोळा बारीक करून नळीतून बघायचे आणि म्हणायचे, "चुकू दे. चुकलं तर परत करू." इतक्या हौसेनं चुकू देणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

रंग खोक्यात नव्हताच. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेला हिंगूळ करवंटीत उरला होता. तो मी जवसाच्या तेलात कालवला. नळी लाल, पंखांना कपड्याची नीळ, आणि टोकाला शिंगांच्या बेगडाचा उरलेला तुकडा. आबा म्हणाले, "आता गळ्यात घुंगरं बांद, म्हंजी आऊतालाच जुंपतो." सगळे हसले. जवसाचं तेल लवकर वाळत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत उपणणी सुरू झाली. वाऱ्यावर उडालेला भुसा येऊन ओल्या रंगावर बसायचा. मी बाभळीचा काटा घेऊन एकेक कुसळ उचलत बसायची. सगळा भुसा निघाला नाहीच. लाल रंगात बारीक पिवळी कुसळं तशीच राहून गेली, आणि मला ती आवडायलाही लागली.

मायला हे खूळ पसंत नव्हतं. "पोरीच्या जातीला दारू कशाला लागती? हात भाजला म्हंजी कोन करंल तुला?" असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. तिची खरी भीती दुसरी होती. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षात गावाकडच्या रस्त्यावर बंदुका वाजल्या होत्या, तेव्हापासून तिला बार म्हटला की धडकी भरायची. लग्नातला फटाका वाजला तरी ती दाराची कडी चाचपायची. "बार न्हाई होत माय, नुसतं सूं करतं," मी सांगायची. "तू गप," ती म्हणायची, "समदं आदी सूंच करतं."

दारूचं काम उस्मानचाचांचं. लग्नावरातीत शोभेची दारू उडवायचे ते. मास्तर आणि मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्यांनी रॉकेट फिरवून फिरवून बघितलं, बेगडावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ये किसकी शादी का है, बेटी?"

"शाळेचं हाय, चाचा."

"मदरसे का? अच्छा." त्यांनी कागदाच्या छोट्या नळीत दारू ठासून भरली, वर छत्री उघडायला चिमूटभर निराळी घातली. "इत्ती बस. जास्ती डाले तो फट जाता." मास्तरांची जुनी छत्री मोडली होती, तिची लोखंडी दांडी आम्ही जमिनीत रोवायला घेतली. त्या दांडीवरून रॉकेट सरळ वर घसरत जायचं. एकदा माळावर जाऊन साध्या बाणावर चाचणी घेतली. तो बाण आडवा जाऊन बोरीच्या झुडपात शिरला, आणि आम्ही दोघं माती टाकून आग विझवत बसलो. मास्तरांच्या धोतराला भोक पडलं. त्यांनी ते भोक मला दाखवलं आणि खो खो हसले.

बेत मास्तरांचाच होता. शाळेला एक नवी खोली मिळाली होती, तिच्यासाठी शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते. गाव जमणार, आसपासचे पाहुणे येणार. "साहेबांसमोर, गावासमोर हे तू उडव. मग बघू, तुझे आबा नाही कसं म्हणतात ते." मास्तर तेव्हा पंचविशीचे असतील. त्या वयात माणसाला वाटतं, कौतुक झालं म्हणजे काम झालं. मी तर चौदा वर्षांची होते. मला त्यांच्यापेक्षाही जास्त वाटत होतं.

हल्ली असली खोकी घरपोच मिळतात. माझ्या नातीनं मागच्या महिन्यात मागवलं होतं. त्यात सगळे तुकडे नंबर घालून दिलेले, डिंकसुद्धा लागत नाही, नुसतं एकात एक बसवायचं. तिनं ते अर्ध्या तासात जोडलं, गच्चीवरून उडवलं, मोबाइलवर फोटो काढले आणि मग ते कपाटाखाली गेलं. ती शिकतेय, तिला कुणी अडवत नाही, एवढं मला पुरे आहे. पण तिच्या मैत्रिणींना माझी हकीकत कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही त्या काळात रॉकेट उडवलंत? ग्रेट!" आणि टाळ्या वाजवल्या. मी उठून आत गेले. टाळ्या मी एकदा पोटभर ऐकल्या आहेत.

पेडगावला मी नांदायला गेले ते घर वाईट नव्हतं. हे मला सांगावंच लागतं, कारण वाईट सासर असतं तर लोकांना माझं दुःख चटकन समजलं असतं. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. सासूनं उपाशी ठेवलं नाही. सासरे तर माझं भारी कौतुक करायचे. बैठकीत पाहुणे आले की सांगायचे, "आमची सून आभाळात बाण सोडती, काय समजलाव?" पाहुणे तोंडात बोट घालायचे. मग सासरे आत वळून मला पाणी आणायला सांगायचे. तीस वर्षांत त्या घरात मला कुणी दुसरं काही करून बघ म्हणून म्हटलं नाही. सातवीचा निकाल लागला तेव्हा मी त्यांच्या चुलीपुढं होते. केंद्रात पहिली आले होते म्हणे. सासऱ्यांनी तेही पाहुण्यांना सांगितलं.

माझी चीड त्या माणसांवर आहे की कौतुकावर, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तुच्छतेशी भांडता येतं. कुणी म्हणालं, पोरींना अक्कल नसते, तर चार शब्द सुनावता येतात, रुसता येतं, उपाशी राहता येतं. पण माणसं हसतमुखानं तुमच्या डोक्यावरून हात फिरवत असतात, तुमची हुशारी एकमेकांना सांगत असतात, आणि तेवढ्या वेळात तुमचं गाठोडं बांधून तयार होतं. त्याच सुमारास आमचा अख्खा जिल्हाही मुंबई राज्यातून नव्या राज्यात गेला. निदान जिल्ह्याला जायचं तरी होतं.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. फाल्गुनातली सकाळ, वारा पडलेला. आबांनी बजावलं होतं, कडब्याच्या गंजी ज्या अंगाला आहेत तिकडं तोंड करायचं नाही. म्हणून माळाच्या दुसऱ्या टोकाला जागा धरली. तरीही लोकांनी जवळच्या गंजींवर ओली पोती टाकून ठेवली होती. साहेबांसाठी खुर्ची आली. गावोगावचे पाहुणे आले, त्यात आमच्या चुलत्यांच्या ओळखीचे एक पेडगावचे पाहुणे, मोठे जमीनदार, बायकोला घेऊन आले होते. मायनं मला आयुष्यात पहिल्यांदा लुगडं नेसवलं. "चार मान्सं येनार, परकरात बरं दिसत न्हाई," म्हणाली.

आमच्याकडं नवी गाडी असो की नवं आऊत, पूजा झाल्याशिवाय हलत नाही. मग रॉकेट तरी कसं हलणार? ताट आलं, हळद-कुंकू आलं, सुपारी, नारळ. शाळेच्या पोरांना वाटायला मास्तरांनी साखर आणून ठेवली होती. कुणीतरी नारळ नेमका रॉकेटच्या शेजारच्या दगडावर फोडायला घेतला, तशी मी पुढं झाले आणि वातीवर पदर धरला. "वात भिजंल, तिकडं फोडा!" असं मी एवढ्या माणसांत ओरडले. मग पेडगावचे पाहुणे हसून म्हणाले, "कुनाची म्हनायची ही पोरगी? धीट हाय की लय." आबा म्हणाले, "आमचीच हाय."

मी उदबत्तीनं वात पेटवली आणि मागं सरले. सूं असा आवाज झाला, दांडी थरथरली, आणि रॉकेट वर गेलं. सरळ गेलं. माझ्या भेंडाच्या पंखासकट सरळ गेलं. माना वर झाल्या, कुणाच्या टोप्या पडल्या. वर इवलासा बार झाला आणि छत्री उघडली. तिथं निळ्या आभाळात माझं लाल रॉकेट डुलत होतं, आणि खाली टाळ्या थांबत नव्हत्या. वळून बघितलं तर माय चक्क हसत होती. त्या मिनिटाएवढी खुशी मला नंतर पोरं झाली तेव्हाही झाली नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

छत्री कापलेल्या ज्वारीच्या वावराकडं वाहत चालली. मी लुगड्याचा काचा मारला आणि अनवाणी धावले. ज्वारीचे सड पायांत रुतत होते, रक्त येत होतं, मला काही कळत नव्हतं. रॉकेट बांधावर पडलं. एक पंख निघाला होता, तो खलाशाच्या खोक्यातला. ते छातीशी धरून मी परत निघाले. तेवढा वेळ मी तिथं नव्हते.

तेवढ्या वेळात काय झालं ते मला मागून कळलं. पेडगावचे पाहुणे आबांना म्हणाले, "पोरीच्या हाताला कसब हाय, काळीजबी हाय. आमच्या पोराला द्या." आबा म्हणाले नाहीत, की बघू. आमच्याकडं सोयरीक जमली की सुपारी फोडतात आणि मूठमूठ साखर वाटतात. चार माणसं पुरतात त्याला, आणि माळावर तर अख्खा गाव होता, वर साहेब होते. सुपारी पूजेच्या ताटातलीच होती. साखर मास्तरांनी आणलेली.

मी धापा टाकत पोचले तर साखर वाटणं चालू होतं. मला वाटलं, रॉकेटची. दुसरं काय वाटणार? आबा पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्या तोंडात साखर घातली आणि म्हणाले, "नाव काढलंस माय माझं. व्हय म्हनलो मी, व्हय म्हनलो."

ज्या एका शब्दासाठी मी सगळी सुगी काट्यानं कुसळं वेचली होती, तो शब्द आबांनी दोनदा उच्चारला. मी त्यांच्या पाया पडले. मग चुलत्यांच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि स्वतः वाटायला लागले. वर्गातल्या पोरांना दिली, बायकांना दिली, मायला बळंच भरवली. माय खाली बघत होती. उस्मानचाचांच्या ओंजळीत दोन मुठी घातल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खुश रहो बेटी." साहेबांना दिली, ते म्हणाले, अभिनंदन.

मास्तर छत्रीची दांडी मातीतून उपसत एकटेच उभे होते. मी त्यांच्यापुढं ताट धरलं. "मास्तर, घ्या ना. आबा व्हय म्हनले."

त्यांनी हात पुढं केला नाही. "कौसा," ते म्हणाले, "कशाला व्हय म्हणले, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं. आबा पेडगावच्या पाहुण्यांच्या गळ्यात पडत होते, आणि त्या पाहुण्यांची बायको माझ्याकडं बघत होती, पायांपासून वरपर्यंत, सावकाश. तिच्या ओठांना साखर लागलेली होती. परगावचं माणूस म्हणून मीच तिला आग्रह करकरून दोनदा वाढली होती.